मेसेजमधले ते तारे कुठून येतात? दुकानाच्या मजकुराला शिस्त लावणाऱ्या पाच खुणा



आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी मध्यंतरी मला त्यांचा व्हॉट्सॲपचा मेसेज दाखवला. ताई घरी मेतकूट, भाजणी आणि कांदा-लसूण मसाला करतात. माल एक नंबर. मेसेज मात्र असा होता:

**आजची खास ऑफर!**
## घरगुती कांदा-लसूण मसाला
वजन: ५०० ग्रॅम
किंमत: ₹३२०

खाली एका गिऱ्हाइकाचं उत्तर आलेलं: "ताई, मसाला पण कॉपी-पेस्टच आहे का?"

ताई म्हणाल्या, "सर, मी एआयकडून लिहून घेतला हो. तिथं छान ठळक अक्षरात दिसत होतं. ग्रुपवर टाकलं तर हे तारे कुठनं आले?"

हसू नका, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या स्टेटसवर मी हेच तारे बघतो. गिऱ्हाइकाला तारे दिसले की पहिला विचार येतो, "यांनी पाठवण्याआधी एकदा वाचलंसुद्धा नाही." जो मेसेज वाचत नाही, तो डबा तरी नीट बघून भरतो का, हा प्रश्न मग आपोआपच येतो.

व्हिडिओत मी हे मोबाइलवर करून दाखवलंय. इथे कारणांसकट लिहितोय, म्हणजे लागेल तेव्हा उघडून बघता येईल.

बेरजेखालच्या दोन रेघा

आमचं सांगलीत मसाले आणि सुक्यामेव्याचं दुकान आहे. वडिलांच्या काळातल्या वह्या अजून माळ्यावर आहेत. एकच पेन, एकच शाई. पण वही उघडली की सगळं कळतं. बेरजेखाली दोन रेघा आहेत, म्हणजे हिशेब पुरा झाला. नावावर आडवी रेघ, म्हणजे उधारी फिटली. नावापुढे फुली, म्हणजे याला विचारल्याशिवाय माल द्यायचा नाही. दुकानातल्या पोरालासुद्धा हे शिकवावं लागलं नाही, बघून बघून कळलं.

कॉम्प्युटरवरची "हलकी मार्कअप भाषा" म्हणजे नेमकं हेच आहे. अक्षरं साधीच ठेवायची आणि कीबोर्डवरच्याच दोन-चार चिन्हांनी सांगायचं, की हे शीर्षक आहे, हे महत्त्वाचं आहे, ही यादी आहे. मग ज्या ॲपला ती भाषा कळते, ते ॲप चिन्हं लपवतं आणि मजकूर सजवून दाखवतं. ज्याला कळत नाही, ते चिन्हं तशीच दाखवतं. ताईंच्या मेसेजमध्ये झालं ते एवढंच.

"मार्कअप" हा शब्द मूळ छापखान्यातला. संपादक हस्तलिखितावर पेनाने खुणा करायचा, हा शब्द ठळक, ही ओळ मोठ्या टायपात, आणि कंपोझिटर त्याप्रमाणे खिळे जुळवायचा. पुढे वेबसाइटसाठी एचटीएमएल आली. तीही मार्कअप भाषाच, पण जड. एक शब्द ठळक करायचा तर त्याच्या पुढे-मागे कंसात इंग्रजी अक्षरं लिहायची. मजकूर कमी आणि कंस जास्त. आपल्यासारख्या माणसाने ते वाचायचं कधी?

२००४ साली जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखकाने यावर उपाय काढला, त्याचं नाव मार्कडाउन. नावातच कोटी आहे, मार्क-अपच्या उलट मार्क-डाउन. आरन स्वार्ट्झ या मुलाने त्याला यात मदत केली, आणि आरन तेव्हा विशीतही पोचला नव्हता. ग्रुबरचा मुद्दा सोपा होता: खुणांसकट मजकूर वाचला तरी तो वाचता आला पाहिजे. खुणाही त्याने हवेतून काढल्या नाहीत. साध्या ईमेलमध्ये ठळक अक्षराची सोय नव्हती, तेव्हा लोक जोर द्यायचा शब्द ताऱ्यांमध्ये लिहायचे आणि मुद्द्यांपुढे डॅश मारायचे. लोकांच्या हातात बसलेली सवयच त्याने नियमात बांधली.

असे प्रयत्न आणखीही झालेत. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, तिथेही साध्या खुणाच होत्या. विकिपीडियाची स्वतःची वेगळी पद्धत आहे. मराठी विकिपीडियावर कुठल्याही लेखाचा स्रोत उघडून बघा. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं आणि शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन-दोन चिन्हं दिसतील.

भाषा एक, बोली दोन

आता कामाचं बघू. तुमच्या मोबाइलवर या भाषेच्या मुख्यतः दोन बोली चालतात. एक मार्कडाउनची आणि दुसरी व्हॉट्सॲपची. कोल्हापूरची आणि नागपूरची मराठी एकच, पण शब्द तोच असून अर्थ वेगळा निघू शकतो ना? तसंच हे.

चॅटजीपीटीसारखे एआय चॅट उत्तर देतात ते साधारण मार्कडाउनमध्ये. त्यांच्या खिडकीत तुम्हाला ते सजवून दिसतं. पण कॉपीचं बटण दाबलं की बऱ्याचदा मूळ खुणा सोबत येतात. त्या तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकता आणि व्हॉट्सॲपला ती बोली कळत नाही.

पाच खुणा पाठ करा:

तारा. मार्कडाउनमध्ये ठळक करायला दोन-दोन तारे लागतात, असे: **ताजा माल**. व्हॉट्सॲपवर एक-एकच पुरतो: *ताजा माल*. आणि हाच एकेरी तारा मार्कडाउनमध्ये ठळक नाही, तिरकं अक्षर करतो. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

अंडरस्कोअर. _असा_ लिहिला की दोन्हीकडे अक्षर तिरकं होतं.

लाटेसारखी रेघ, म्हणजे टिल्ड. व्हॉट्सॲपवर ~₹३५०~ लिहिलं की किंमत खोडलेली दिसते. मूळ मार्कडाउनमध्ये हे नव्हतं. नंतरच्या अनेक आवृत्त्यांत आलं आणि तिथे साधारण दोन-दोन टिल्ड वापरतात.

डॅश. ओळीच्या सुरुवातीला डॅश आणि मग एक स्पेस, की यादीचा ठिपका तयार होतो. हे दोन्हीकडे चालतं.

हॅश. ओळीच्या सुरुवातीला एक हॅश म्हणजे मोठं शीर्षक, दोन म्हणजे त्याखालचं. हे फक्त मार्कडाउनमध्ये. व्हॉट्सॲपवर शीर्षक नावाचा प्रकारच नाही, तिथे हॅश हॅशच राहतो. शीर्षक हवं असेल तर ओळ ठळक करा आणि खाली एक ओळ रिकामी सोडा.

व्हॉट्सॲपने ठळक, तिरकं आणि खोडलेलं अक्षर २०१६ मध्ये आणलं, तर ठिपक्यांची आणि आकड्यांची यादी २०२४ मध्ये. म्हणजे समोरच्याचं ॲप फार जुनं असेल तर त्याला यादीऐवजी नुसता डॅश दिसेल. दिसू दे. डॅश असला तरी यादी वाचता येतेच, आणि हीच या पद्धतीची खरी गंमत आहे. सजावट गेली तरी मजकूर उभा राहतो.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला यातली एकही खूण कळत नाही. तिथे सगळ्या खुणा काढूनच मजकूर टाका.

ताईंचा मेसेज आता असा झाला:

*घरगुती कांदा-लसूण मसाला*

- वजन: ५०० ग्रॅम
- किंमत: ~₹३५०~ *₹३२०*
- ऑर्डर: शुक्रवार संध्याकाळपर्यंत
- घरपोच: रविवारी

बघा, ठळक गोष्टी दोनच: काय आहे आणि केवढ्याला. मी शिकवताना नेहमी सांगतो, एका मेसेजमध्ये दोन, फार तर तीन ठळक जागा. सगळंच ठळक केलं म्हणजे काहीच ठळक केलं नाही. बाजारात दहा जण एकदम ओरडले तर गिऱ्हाईक कुणाकडे बघतं? पुढे निघून जातं.

आणि हो, खोडलेली किंमत खरी असू द्या. ३५० ला तुम्ही कधी विकलंच नसेल तर ते खोडून दाखवू नका. टिल्ड फुकट मिळतो, विश्वास मिळत नाही.

माझे अडीच किलो काजू

ही फक्त दिसण्याची गोष्ट आहे असं वाटत असेल तर माझाच किस्सा ऐका. चूक माझी होती, त्यामुळे सांगायला लाज नाही.

दिवाळीचे दिवस होते. पॅकिंगची यादी मी मोबाइलमधल्या एका नोट्स ॲपमध्ये लिहायचो. त्या ॲपला मार्कडाउन कळत होतं, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. एका गिऱ्हाइकाची ऑर्डर मी अशी लिहिली:

बेदाणे २*५०० ग्रॅम, काजू ३*२५० ग्रॅम

म्हणजे बेदाण्याची अर्ध्या किलोची दोन पाकिटं आणि काजूची पाव किलोची तीन. ॲपला काय दिसलं? दोन तारे आणि मध्ये मजकूर. त्याला वाटलं, मधला मजकूर तिरका करायचाय. त्याने तारे लपवले. मी यादीची पीडीएफ काढून पॅकिंगवाल्या पोराला पाठवली, त्याला दिसलं:

बेदाणे २५०० ग्रॅम, काजू ३२५० ग्रॅम

दिवाळीत मोठ्या ऑर्डरी येतातच. पोराने गुमान अडीच किलो बेदाणे आणि सव्वातीन किलो काजू मोजून भरले. बिल मात्र एक किलो बेदाणे आणि पाऊण किलो काजूचं. म्हणजे दीड किलो बेदाणे आणि अडीच किलो काजू दुकानातून फुकट बाहेर पडले. गिऱ्हाईक भला माणूस, रात्री फोन केला, "अहो, काहीतरी घोटाळा झालाय, माल जास्त आलाय." तो गप्प बसला असता तर मी स्टॉक जुळत नाही म्हणून पोरालाच बोललो असतो, आणि त्याची काहीच चूक नव्हती.

त्या दिवसापासून दुकानात नियम आहे: वजन लिहिताना गुणाकारासाठी तारा वापरायचा नाही. "५०० ग्रॅमची २ पाकिटं" असं शब्दांत लिहायचं, नाहीतर खरं × चिन्ह वापरायचं. मार्कडाउनमध्ये ताऱ्याआधी उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश टाकला तर तारा ताराच राहतो, पण दुकानात गर्दी असताना ते कुणाच्या लक्षात राहणार? शब्दांत लिहिणं सगळ्यात सुरक्षित.

खूण मजकुराचा अर्थ सांगते, म्हणून चुकीची खूण चुकीचा अर्थ सांगते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

मराठीत लिहिताना अडणाऱ्या पाच जागा

इंग्रजीतल्या व्हिडिओंत या गोष्टी सापडत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

एक, प्रत्यय. इंग्रजीत शब्द सुटा असतो, आपल्याकडे त्याला "ची, ला, साठी" चिकटतं. *चकली*ची असं लिहिलं तर खुणेला लागून अक्षर येतं आणि अनेक ठिकाणी ती खूण ओळखली जात नाही. प्रत्यय आत घ्या: *चकलीची*. आणि ताऱ्याच्या आतल्या बाजूला स्पेस सोडू नका. * चकली * असं लिहिलं तर शब्द ठळक होत नाही.

दोन, आकडे. मार्कडाउनमध्ये आकड्यांची यादी करायची तर आकडा इंग्रजी कीबोर्डवरचा लागतो, मग टिंब, मग स्पेस. मराठी आकडा टाकला तर ॲप त्याला साधा मजकूर समजतं.

तीन, तिरकी अक्षरं. देवनागरीला तिरकं अक्षर शोभत नाही. मोबाइलवर ते नुसतं ढकलल्यासारखं दिसतं आणि वयस्क गिऱ्हाइकांना वाचायला त्रास होतो. मी मराठी मेसेजमध्ये तिरकं अक्षर जवळजवळ वापरतच नाही. जोर द्यायचा तर ठळक करा.

चार, रेट कार्डाचे रकाने. एआयला दरपत्रक मागितलं की तो उभ्या रेघांचा तक्ता देतो. व्हॉट्सॲपवर तक्ता होत नाही, सगळ्या रेघांचं भजं होतं. काही जण स्पेस देऊन रकाने जुळवायला जातात. मराठी अक्षरांची रुंदी सारखी नसते, तुमच्या फोनवर जुळलेलं गिऱ्हाइकाच्या फोनवर तुटतं. त्यापेक्षा एका ओळीत एक वस्तू लिहा: डॅश, नाव, वजन, किंमत. बस.

पाच, ओळ तोडणं. व्हॉट्सॲपवर एंटर दाबलं की नवी ओळ येते. मार्कडाउनच्या मूळ नियमात एका एंटरने नवी ओळ होत नाही. दोन्ही ओळी जोडून एकच परिच्छेद होतो. म्हणून वेबसाइटवर टाकलेला पत्ता किंवा दरपत्रक एका लांबलचक ओळीत दिसतं. उपाय सोपा: मध्ये एक रिकामी ओळ सोडा, किंवा सरळ यादीच करा.

एकदा लिहा, सगळीकडे वापरा

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा.

आमच्या दुकानाचं जुनं दरपत्रक एका डीटीपीवाल्याकडून करून घेतलं होतं. फाइल माझ्याकडे होती, म्हणून मी निर्धास्त होतो. काही वर्षांनी उघडली तर सगळी किरटी-मिरटी इंग्रजी अक्षरं. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये ती केली होती. तो फॉन्ट नाही म्हणजे मजकूर नाही. फाइल माझीच, पण कुलूप दुसऱ्याचं. सगळं दरपत्रक पुन्हा टाइप करावं लागलं.

साधा युनिकोड मजकूर आणि त्यात या पाच खुणा, एवढंच वापरलं तर ही वेळ येत नाही. ती फाइल कुठल्याही मोबाइलवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. फॉन्ट विकत घ्यायला नको आणि सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं भरायला नको. पुढे वेबसाइट केलीत तर तोच मजकूर तिथे जातो. गूगल डॉक्समध्ये २०२४ पासून मार्कडाउन आत घेता येतं आणि बाहेरही काढता येतं. छापील पत्रक हवं असेल तर पॅनडॉक नावाचं फुकट सॉफ्टवेअर मार्कडाउनमधून वर्डची फाइल करून देतं. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने ते बनवलंय. त्यानेच पुढे काही जणांबरोबर २०१४ मध्ये मार्कडाउनच्या वेगवेगळ्या पोटबोलींना एक पक्का नियम लावायचा प्रयत्न केला, त्याला कॉमनमार्क म्हणतात.

या सगळ्या नावांची तुम्हाला आज गरज नाही. एवढं लक्षात ठेवा: मजकूर तुमच्या मालकीचा असू द्या, ॲपच्या नाही. ॲप येतील, जातील.

या आठवड्याचं काम

मोबाइलच्या नोट्समध्ये "दुकान" नावाची एकच नोट उघडा आणि त्यात या पाच गोष्टी लिहा:

- दुकानाची ओळख, चार ओळींत
- दरपत्रक, एका ओळीत एक वस्तू
- ऑर्डर कशी द्यायची, क्रमाने
- घरपोच आणि पैशांचे नियम
- सध्याची एक ऑफर

एआयची मदत जरूर घ्या, पण मागतानाच सांगा: "व्हॉट्सॲपवर पाठवायचं आहे, ठळक करायला एकच तारा वापर, हॅश आणि तक्ता नको." तरीही दोन तारे आले तर हाताने एक-एक काढा. लिहिलेलं आधी स्वतःलाच पाठवा आणि मोठ्याने वाचा. वजन आणि किंमत बोट ठेवून तपासा. मग घरातल्या कुणाला तरी दाखवून विचारा, "यात काय विकायचंय आणि केवढ्याला?" पाच सेकंदांत उत्तर आलं तर मेसेज पास. मग तो व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये टाकून ठेवा, म्हणजे गर्दीच्या वेळी पुन्हा टाइप करायला नको.

त्या ताईंनी हे केलं. नवा मेसेज टाकल्यावर त्याच गिऱ्हाइकाने लिहिलं, "एक किलो पाठवा." तारे काढले म्हणून मसाला विकला गेला असं मी म्हणणार नाही. मसाला चांगलाच होता. पण आधी गिऱ्हाइकाचं लक्ष ताऱ्यांकडे जात होतं, आता मसाल्याकडे गेलं.

तुमचं लक्षही मालाकडेच असू द्या. भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, हिशेब चोख आणि मेसेज साफ!